एअरब्रश-कॉम्प्रेसर सेट: थंडी, उन्हाळा, पावसाळा सोलापुरात काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात माझ्या एअरब्रशचा (मॉडेलवर हवेने रंग फवारायचं पेनासारखं साधन) कॉम्प्रेसर बंद पडला आणि विक्रेत्याने वॉरंटीत घ्यायला सरळ नाही म्हटलं, म्हणून हे लिहायला घेतलं. सेट तोच जो सगळीकडे दिसतो, तीन लिटरची टाकी, ऑइल-फ्री पिस्टन, तीन बार दाबाला चालू आणि चार बारला आपोआप बंद, सोबत ०.३ मिमी नोझलचा डबल अ‍ॅक्शन एअरब्रश (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग). स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात वेळ घालवत नाही. डिसेंबरात साडेआठ हजाराला घेतला, तेव्हापासून तिन्ही ऋतू काढलेत आणि टी-५५ रणगाड्याचं एक १:३५ मापाचं मॉडेल त्यावर पूर्ण रंगवून झालंय. साडेआठ हजार ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही, तेवढ्यात दोन चांगली किटं आली असती, त्यामुळे प्रत्येक रुपयाचा हिशोब मनात ठेवूनच लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती त्या दिवसांत मी टी-५५ चा बेस कोट मारला आणि खरं सांगतो, इतका गुळगुळीत रंग माझ्या हातून आधी कधीच बसला नव्हता. स्प्रे कॅनने मारलं की वेल्डिंगच्या रेघा, बोल्टची डोकी सगळं रंगाखाली बुजतं. इथे १५-१८ पीएसआयवर (साधारण एक बार दाब) तामिया कंपनीचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन मारला तर बारीकातला बारीक बोल्टसुद्धा जागच्या जागी. वरच्या सपाट भागांवर तोच रंग थोडा उजळ करून मारला, उजळ करायला पांढरा न घालता एक्सएफ-६० डार्क यलो घातला, कारण पांढऱ्याने हिरवा रंग खडूसारखा फिका पडतो आणि लोखंड लोखंड वाटत नाही. टी-५५ चं टरेट (वरचा तोफेचा फिरता बुरुज) ओतीव आहे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग खरखरीत पाहिजे, किटमध्ये तो बऱ्यापैकी गुळगुळीत येतो. अहिल्यानगरच्या रणगाडा म्युझियममध्ये पॅटन रणगाड्याचं ओतीव टरेट जवळून बघितलंय, त्याची ती खडबड डोक्यात बसलेली, म्हणून मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर जुन्या कडक ब्रशने टोचून टोचून लावला, वाळल्यावर पॉलिश पेपर हलका फिरवला आणि मग वरून रंग. त्या खडबडीवर एअरब्रशचा रंग काय सुंदर बसतो! ब्रशने मारला असता तर खळगे भरून गेले असते.

थंडीत मी थिनर म्हणून औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत होतो, कारण तामियाचं स्वतःचं थिनर एक्स-२०ए त्याच्यापुढे फार महाग पडतं. तामियाचे अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलमध्ये छान पातळ होतात आणि जानेवारीत कसलीच तक्रार नव्हती. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

मार्चनंतर सगळं फिरलं. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वाईट, आणि हवा कोरडी ठणठणीत. नोझलमधून निघालेला रंगाचा थेंब मॉडेलवर पोचायच्या आतच अर्धा वाळतो. मग तो पसरत नाही, पावडरसारखा चिकटतो, बोट फिरवलं की खरखर. दुसरीकडे सुईच्या टोकावर रंग वाळून गाठ बसते, मग नुसती हवा येते, ट्रिगर अजून मागे ओढला की गाठ सुटून एकदम पचकन ठिपका. तेव्हा हातात असलेल्या दुसऱ्या मॉडेलच्या, शर्मन रणगाड्याच्या, पुढच्या प्लेटवर असे ठिपके पडले, सगळं घासून परत प्रायमर मारायला लागला. हा दोष एअरब्रशचा नाही हे मी ठामपणे लिहितो, कारण तोच एअरब्रश, तोच रंग, तेच प्रेशर जानेवारीत चाललं होतं. अल्कोहोल मुळात पटकन उडतं, त्यात ही हवा. उपाय असा की उन्हाळ्यापुरतं अल्कोहोल बंद, एक्स-२०ए मध्ये तामियाच्याच रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) मोजके थेंब (जास्त झाले की रंग दिवसभर चिकट राहतो), मॉडेलच्या अजून जवळून आणि कमी प्रेशरवर मारायचं, आणि काम सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतो आणि तामियाच्या रंगात तो मस्त मिसळतो, फिनिश त्याने सगळ्यात भारी येतो, पण वास उग्र. त्याच्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क पाहिजेच, एन-९५ फक्त कण अडवतो, वाफ अडवत नाही. इथे पैसे वाचवू नका.

आणि याच दिवसांत कॉम्प्रेसर बसला. चार बार झाले की कट व्हायला पाहिजे तो कट होईना, काटा साडेतीनच्या आसपास अडकलेला आणि मोटर घरघर चालूच. हात लावला तर चटका. थोड्या वेळाने आपोआप बंद, गार झाला की परत चालू, परत तेच. विक्रेत्याला कळवलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. बिल मागितलं, पाठवलं. मग आठवडाभर गप्प. मग उत्तर आलं की सर तुम्ही मशीन सलग चालवलंय म्हणून वॉरंटी लागू नाही. मी म्हटलं, मॅन्युअलमध्ये किती वेळ चालवायचं हे कुठे लिहिलंय ते दाखवा, आणि तो स्वतःहून बंदच होत नव्हता हीच तर माझी तक्रार आहे! त्यावर म्हणे ठीक आहे, स्वतःच्या खर्चाने कुरियर करा, तपासून कळवू, दुरुस्तीचे पैसे वेगळे. सहा किलोचा डबा दिल्लीला पाठवायचा, तोही माझ्या पैशाने, आणि वर दुरुस्तीचं बिल. मला प्रचंड राग आला आणि अजून गेलेला नाही. वर्षाची वॉरंटी म्हणून मोठ्या अक्षरात छापायचं आणि वेळ आली की असं बोलायचं, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

शेवटी अशोक चौकाच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, पॉवरलूमच्या मोटारी वाइंडिंग करतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, "हे कशाला वापरूलालाव सायेब?" रणगाड्याचं मॉडेल रंगवायला म्हटल्यावर मोबाईलमधले फोटो मागून मागून बघितले, मग माझ्यासमोरच डोकं उघडलं. पिस्टनच्या वरचा टेफ्लॉनचा कप झिजून एका बाजूने कड उडालेली. हवा तिथून मागे गळते, म्हणून चार बार कधी गाठतच नाही, म्हणून स्विच मोटर बंद करत नाही, म्हणून मोटर तापून थर्मल, म्हणजे जास्त तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच, उडतो. सगळी साखळी त्यांनी दोन मिनिटांत सांगितली. कप आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये. पुढच्या आठवड्यात कॉम्प्रेसर परत मिळाला, तेव्हापासून चार बारला टक करून बंद होतोय.

आता ज्या गोष्टीवर मला मनापासून बोलायचंय ती म्हणजे टाकीचा ड्रेन स्क्रू. कोणीच याबद्दल लिहीत नाही. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत गार होऊन पाणी होते, ते पाणी काढून टाकायला टाकीच्या बरोबर बुडाला एक स्क्रू दिलाय. बुडाला असणं बरोबरच आहे, पाणी तिथेच साठणार. पण टाकीचे पाय इतके बुटके की खाली बोटं जात नाहीत, म्हणजे दर वेळी सहा किलोचं धूड आडवं करायचं, पक्कड घालून तो इवलासा स्क्रू फिरवायचा, आणि आडवं केलं की पाणी स्क्रूपासून लांब जातं! मग परत तिरकं धरा, एका हाताने पेला धरा. कंटाळून माणूस पाणी काढणं सोडून देतो आणि आतून टाकी गंजते. माझ्या टाकीतून जूनमध्ये तांबूस पाणी निघालं, म्हणजे सहा महिन्यांत आत गंज लागलेला. पाय दोन इंच उंच केले असते किंवा एक साधा कॉक दिला असता तर कंपनीचे किती पैसे गेले असते? मिस्त्रींनी स्क्रूच्या जागी पितळी एल्बो आणि छोटा कॉक बसवून दिला, एकशे ऐंशी रुपयांत. आता मशीन उभ्याचं उभं, कॉक फिरवला की फुस्स करून पाणी बाहेर. सेट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी करायला सांगेन, रंग उघडायच्या आधी.

पाण्यावरूनच पुढचं. उन्हाळ्यात पाण्याचा त्रास जवळपास शून्य होता. जुलैत हवा दमट झाली आणि क्लिअर कोट मारताना पाण्याचा थेंब आला, टी-५५ च्या इंजिन डेकवर पांढरट डाग. यात मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला, म्हणजे कॉम्प्रेसरला चिकटूनच आहे, तिथे हवा अजून गरम असते, वाफ वाफच राहून पुढे निघून जाते आणि पाइपात गार होऊन तिचं पाणी होतं. एअरब्रशच्या मुठीखाली लावायचा छोटा ट्रॅप तीनशेपर्यंत मिळतो, तो लावला आणि त्रास थांबला. बाकी पाइप, कपलिंग, स्टँड सगळं ठीक.

वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं असं करणं, एअरब्रशने फार केलं नाही. कॅमलच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून कडांना सोडला. धुळीसाठी आपली काळी माती अजिबात चालत नाही, मला १९७१ च्या युद्धातला, जम्मूजवळच्या छांब भागातला रणगाडा करायचा होता आणि तिकडची धूळ फिकी, त्यामुळे खडूचे पेस्टल किसून घेतले.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, लष्कराच्या आर्मर्डमधून (रणगाडा दल) दफेदार म्हणून निवृत्त, टी-५५ वर होते. झालेलं मॉडेल त्यांच्याकडे घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा ट्रॅक बघितला. टी-५५ ला वर रिटर्न रोलर (ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं) नसतात, ट्रॅकची वरची बाजू थेट पाच मोठ्या चाकांवर पडून असते, आणि किटमधला रबरी पट्टा मात्र ताठ उभा राहतो, मी तो प्रत्येक चाकावर सुपरग्लूने दाबून चिकटवला होता. काका म्हणाले, "ट्रॅक बरोबर पडलाय बाळा." मग तोफेच्या नळीवर बोट ठेवून म्हणाले, "आमच्या गाडीला हा फुगवटा टोकाला नव्हता, मधे होता." बरोबरच आहे, आपल्याकडे नंतर टी-५५ ची १०० मिमीची तोफ काढून १०५ ची एल-७ बसवली, तिचा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नळीतला धूर बाहेर काढणारा हा फुगवटा, नळीच्या मध्यावर असतो. माझा ७१ चा म्हणून टोकाचा बरोबर, पण काकांच्या वेळचा एक करायचा हे तिथेच ठरलं. काका नंतर बराच वेळ मॉडेल हातात घेऊन बसले होते. कॉम्प्रेसरवर गेलेले सगळे पैसे मला त्या संध्याकाळी वसूल झाले.

तर घ्यावा का? टाकीवाला सेट घ्याच, बिनटाकीचा स्वस्तातला घेऊ नका, हवा धडधड येते आणि मोटरला दम खायला वेळच मिळत नाही. एअरब्रशला पाचपैकी साडेचार, कॉम्प्रेसरला कॉक आणि नवा कप धरून चार, विक्रेत्याच्या सर्व्हिसला शून्य. मूळ किमतीवर अजून हजारभर रुपये धरून चाला, त्यात कॉक, मुठीखालचा ट्रॅप आणि रिटार्डर येतो. वॉरंटी किमतीत मोजू नका, जवळचा मोटर वाइंडिंगवाला आधी शोधून ठेवा. आणि १०५ मिमी एल-७ ची १:३५ मधली धातूची नळी कोणाकडे जास्तीची पडून असेल तर सांगा, काकांची गाडी दिवाळीआधी उभी करायची आहे.