लेट्रोझोल, मेटफॉर्मिन आणि फॉलिक्युलर स्टडी : पीसीओएसमधल्या उपचारांचा वर्षभराचा अनुभव

मुद्द्याचं आधी सांगते. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून अंडं वेळेवर सुटत नाही असा अंडाशयाचा त्रास, असताना दिवस राहावेत म्हणून जे सुरुवातीचे उपचार देतात, ते मी जवळजवळ वर्षभर घेतले. मूल अजून झालेलं नाही. पण पाळी मार्गावर आली, अंडं तयार होऊन फुटायला लागलं, आणि आपल्या शरीरात काय चाललंय हे पहिल्यांदा नीट कळलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलं की शेजारची बाई हळूच विचारते, "तुम्हालाबी गोळ्याच दिल्यात का? गुण येतो का?" तिथं दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

माझं वय तिशीच्या पुढं, नोकरी सहकारी बँकेत, नवरा शिरोली एमआयडीसीत. पाळी लग्नाआधीपासूनच दोन-तीन महिन्यांनी यायची. सोनोग्राफीत अंडाशयात गाठी दिसल्या म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, आता ऑपरेशन. डॉक्टर मॅडमनी समजावलं की या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे अंड्याच्या बारीक पिशव्या, आहेत, आणि नुसती ती दिसली म्हणून पीसीओएस ठरत नाही. अंडं अनियमित सुटणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं हे चित्र, यांतल्या दोन गोष्टी लागतात. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेला हा निकष अजून चालतो. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यात सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ताची तपासणीही चालते असं सांगितलं. माझ्यात तिन्ही गोष्टी निघाल्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणं आधीच बाजूला काढली होती.

सुरुवात मेटफॉर्मिननं झाली. पाकीट बघून आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "तुला साखर झालीया व्हय?" तशी साखर नव्हती. पण पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींच्या शरीरावर इन्सुलिनचा नीट परिणाम होत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं, आणि वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. त्यामुळं फॉलिकल वाढता वाढता अडकतं. पहिले काही आठवडे पोटानं फार छळलं. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाईला दर तासाला उठणं परवडत नाही. रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेलं आणि पुढं सावकाश विरघळणारी गोळी बदलून घेतली, तेव्हा जमलं. रविवारची मिसळ बरेच दिवस बंद ठेवावी लागली, रिकाम्या पोटी तर्रीचा विचारही नको. ही गोळी लांब काळ घेतली तर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, तेव्हा ते तपासायची आठवण आपणच ठेवायची. गोळी कामाची आहे, पण संथ. नुसत्या तिच्या भरवशावर अंडं फुटेल अशी आशा धरू नये.

खरं काम लेट्रोझोलनं केलं. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, सुरुवातीला २.५ मिलिग्रॅम. पहिल्या रात्री पाकिटातला कागद उघडून वाचला तर त्यावर स्तनाचा कर्करोग. नवऱ्यानं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि दोघंही बराच वेळ गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, तेव्हा त्यांनी सगळा इतिहासच सांगितला. औषध मूळचं त्याच आजारासाठीचं. ते शरीरातलं इस्ट्रोजेन थोडे दिवस खाली आणतं, मेंदूला वाटतं अंडाशय काम करेना, म्हणून तो एफएसएच हे अंडं वाढवणारं हार्मोन जास्त सोडतो आणि त्या जोरावर फॉलिकल वाढतं. भारतात ऑक्टोबर २०११मध्ये वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. आज पीसीओएसमध्ये अंडं तयार करायला पहिली पसंती याच गोळीला आहे, आणि गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत ती बहुतेक शरीराबाहेर गेलेली असते. हे आम्हाला गोळी हातात देतानाच कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती. तेव्हा पहिल्या भेटीतच विचारा : ही गोळी मूळची कशाची, आणि मला का? माझा त्रास म्हणाल तर डोकेदुखी, अधूनमधून अंगातून वाफा आणि संध्याकाळी गळून जाणं. सहन होण्यासारखा.

आता आकड्यांचं. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्तीत जास्त पाच सायकल, म्हणजे पाळीची पाच चक्रं, औषध दिलं, तेव्हा लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन ही अंडं तयार करायची जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. म्हणजे चांगल्या औषधावरही दहापैकी सात जणींना तेवढ्या काळात मूल झालेलं नव्हतं. हा आकडा कळला त्या दिवशी माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. तोवर दर महिन्याला पाळी आली की मी स्वतःला तपासायची : जास्त चालले का, रात्री जागले का, बँकेत मार्चएंडला ताण घेतला का. त्यानंतर मी आणि नवऱ्यानं मॅडमसमोर बसून ठरवून घेतलं की इतक्या सायकल करायच्या, अंडं फुटूनही काही झालं नाही तर थांबून पुढचा विचार करायचा, आणि पैशाची ही मर्यादा. वर्षभरात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. हद्द आधी आखलेली असली की एखाद्या वाईट महिन्याच्या भरात निर्णय घ्यावे लागत नाहीत. कुठल्याही औषधापेक्षा मी हे वर ठेवीन.

फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे फॉलिकल किती वाढलं हे दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफीत बघण्याची, सवय व्हायला वेळ लागला. ही सोनोग्राफी खालच्या मार्गानं करतात, त्यामुळं आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. पोटावरच्या सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी पिऊन बसायची सवय असलेल्यांचा इथं गोंधळ होतो. भिंतीवर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" हा बोर्ड. पडद्यामागून सिस्टर नाव पुकारतात. डॉक्टर स्क्रीनकडं बघत आकडे बोलतात, "राइट चौदा, लेफ्ट काही नाही, एंडो सात पॉइंट दोन," आणि सिस्टर फाइलीत लिहितात. पहिल्यांदा त्या आकड्यांची भीती वाटायची. मग शिकले : फॉलिकल रोज साधारण दीड-दोन मिलिमीटर वाढतं, अठरा-वीसच्या आसपास आलं की ते तयार, आणि एंडो म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. एवढं कळल्यावर "चौदा" ऐकून परवा पुन्हा यायचंय हे मीच सांगायला लागले. नोकरी करणाऱ्यांनी सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा. शाखेत उशिरा पोचल्यावर कारण सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

एका सायकलला गोळीचा डोस वाढवल्यावर फॉलिकल्स एकदम बरीच वाढली. मॅडमनी ती सायकल तिथंच थांबवली : अंडं फोडायचं इंजेक्शन नाही, आणि या महिन्यात संबंध ठेवायचे तर निरोध वापरून. महिनाभर गोळ्या, हेलपाटे, खर्च, आणि शेवटी हे. घरी आत्या म्हणाल्या, "जुळं झालं असतं तर काय बिघडत हुतं?" त्यांचं म्हणणं मायेचं होतं. पण पीसीओएसमध्ये अंडाशय औषधाला एकदम उसळून प्रतिसाद देऊ शकतात. दोन-तीन गर्भ एकदम राहिले तर आई आणि बाळं दोघांनाही धोका वाढतो, आणि अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा प्रकारही होऊ शकतो. त्या दिवशी मी रडले, पण ज्या डॉक्टर सायकल थांबवायला कचरत नाहीत त्यांच्यावरच माझा विश्वास बसला. तुमच्याकडं सोनोग्राफी न करताच महिन्यामागून महिने गोळ्या चालू असतील तर तेवढं जरूर विचारा.

ओव्हुलेशनच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. या पट्ट्या लघवीतलं एलएच, म्हणजे अंडं सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन, वाढलं की गडद रेघ दाखवतात. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळं माझी रेघ आठवडाभर गडद असायची आणि सोनोग्राफीत फॉलिकल दहाचंच. पाळी नियमित असणाऱ्यांना त्या उपयोगी पडत असतील. आपल्याला अंडं फुटलं का हे सोनोग्राफी सांगते, किंवा पाळीच्या अपेक्षित तारखेआधी साधारण आठवडाभर केलेली प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे अंडं सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची, रक्ततपासणी. माझा तो रिपोर्ट पहिल्यांदा तीनच्या वर बराच पुढं आला तेव्हा दिवस राहिल्याइतका आनंद झाला होता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर दिसलं की अंडं सुटलंय.

फॉलिकल तयार झालं की अंडं फोडायला एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन. केमिस्टनं ते बर्फाच्या पाकिटात दिलं आणि आम्ही ते स्कूटरच्या डिकीत न ठेवता हातात धरून नेलं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं सुटतं. मग दोन आठवडे वाट बघायची. उपचारांतला सगळ्यात जड भाग हाच. गोळी नाही, सोनोग्राफी नाही, करण्यासारखं हाताशी काहीच नाही. छाती जड वाटते, पोटात ओढल्यासारखं होतं, आणि या दिवसांत दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही हेच होत असल्यामुळं त्यावरून काही कळत नाही. या काळात घरी टेस्ट करू नका. इंजेक्शनमधलं एचसीजी दहा-बारा दिवस शरीरात राहू शकतं आणि टेस्ट खोटी पॉझिटिव्ह दाखवते. माझ्यासोबत वाट बघणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरी अशा दोन रेघांवर पेढे वाटून झाले होते. पुढं काय झालं ते लिहवत नाही. मॅडमनी दिलेल्या तारखेला बीटा-एचसीजी ही दिवस राहिल्याची तपासणी रक्तातून करायची, तोवर थांबायचं.

नवऱ्याची तपासणी मॅडमनी माझ्या गोळ्या सुरू करायच्या आधीच मागितली. घरी सूर निघाला, "त्याला कशाला? त्याला काय झालंय?" नवरा शांतपणे म्हणाला, "आम्ही दोघं मिळून जाणार," आणि गेला. रिपोर्ट ठीक होता, पण तो ठीक नसता तर माझ्या गोळ्यांचा काय उपयोग? आधी ही तपासणी, मग बाकीचं, हा क्रम सोडू नका.

लोकांचं म्हणाल तर औषधापेक्षा ते अवघड. चुलत नणंदेच्या डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली आणि कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, "लेकुरवाळ्या आधी पुढं या." मी हातात तबक घेऊन उभी होते. ते तबक खाली ठेवायला जागा सापडेना. नंतर आम्ही दोघांनी ठरवलं की अशा कार्यक्रमांपैकी जिथं मला मनापासून जावंसं वाटेल तिथंच जायचं, आणि "गोड बातमी कधी?" या प्रश्नाला उत्तर नवऱ्यानं द्यायचं. त्याचं ठरलेलं वाक्य : "उपचार चालू आहेत, झालं की आम्हीच सांगू." या एका वाक्यानं निम्मे फोन थांबले. नवरात्रात अंबाबाईला मात्र मी गेले, ओटी भरली. ते माझ्यासाठी होतं.

मध्ये एक काळ असा आला की सकाळी उठवत नव्हतं, बँकेत रक्कम दोनदा मोजूनही खात्री वाटेना. मॅडमनी स्वतःहून विचारलं, झोप कशी आहे, रडू येतं का. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, म्हणून सगळ्याच रुग्णांना हे विचारावं असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. मी समुपदेशकाकडं गेले, अजूनही जाते, आणि ते खर्चाच्या यादीत सोनोग्राफीच्या शेजारीच लिहिते. कुणाला बाहेर जाणं शक्य नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

खाण्यापिण्याबद्दल थोडंच. कुठलाही एकच आहार पीसीओएससाठी इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, त्यामुळं महागड्या पावडरी आणि पॅकेजं घेतली नाहीत. शाळूची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि रंकाळ्याभोवती संध्याकाळचं चालणं एवढंच नेमानं केलं. वजन थोडंसंच उतरलं, पण त्यानंतर पाळीतलं अंतर कमी झालं हे खरं.

आता आम्ही आखलेल्या हद्दीपाशी आलो आहोत आणि थोडं थांबलो आहोत. पुढं इंजेक्शनं, दुर्बिणीतून अंडाशयावरची शस्त्रक्रिया किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) असे मार्ग मॅडमनी मांडलेत. आयव्हीएफकडं वळलो तर अशा उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याखाली उपचार केंद्राची नोंदणी आहे का हे आधी बघणार. निर्णय दिवाळीनंतर. मेटफॉर्मिन आणि चालणं मात्र बंद केलेलं नाही, कारण मूल होवो न होवो, पीसीओएसमुळं मधुमेहाचा धोका राहतोच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात ती तपासणी पुढच्या उपचाराआधी करून घ्यायची आहे. बी-ट्वेल्व्हही त्याच वेळी बघणार, म्हणजे बँकेतून एकच सकाळ मागावी लागेल.