जुनी कार्बोरेटरवाली ओम्नी रोज वापरायला कशी आहे, सविस्तर रिव्ह्यू

गाडी म्हणजे १९९६ ची मारुती ओम्नी, पाच सीटर, एमएच ०९ पासिंग. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं वर्कशॉप आहे आणि ही व्हॅन माझी रोजची गाडी आहे, सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, तिथून फाउंड्रीत जाऊन कास्टिंग भरायचं, रविवारी आईला घेऊन गावाकडं. कव्हर घालून ठेवायला घेतलेली नाही, त्यामुळं हा रिव्ह्यू पण वापरणाऱ्याच्या अंगानंच आहे.

बरेच जण विचारतात की व्हिंटेज नंबर मिळतो का हिला. नाही मिळत, आणि रोज चालवायची असेल तर तो नकोच. २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडीच व्हिंटेज धरतात, तिला व्हीए सिरीजचा नंबर पडतो, पण मग ती गाडी फक्त प्रदर्शन, रॅली असल्या कामालाच रस्त्यावर काढता येते, रोज बाजारात न्यायची सोय नाही. मारुती व्हॅन आली १९८४ ला, १९८८ ला तिचं ओम्नी झालं, म्हणजे पहिल्या गाड्यांना पण अजून ५० व्हायला वेळ आहे. तेव्हा साधी आरसी रिन्यू करायची आणि चालवायची.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत आहे की जुनी व्हॅन घेताना इंजिन ऐकत बसू नका, पत्रा बघा. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, मारुती ८०० लाच होतं ते, त्याचं सगळं सामान आजही मिळतं आणि कुठलाही जुना फिटर डोळे झाकून ते खोलतो. बोअर, रिंगा, वॉल्व्ह, हेड गॅस्केट असं पूर्ण काम केलं तरी खर्च आवाक्यात राहतो. पण या गाडीला वेगळी चासी अशी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळं खालचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच गेला, आणि वरनं कितीही चकचकीत रंग मारलेला असला तरी त्याला काही अर्थ उरत नाही. फ्लोअरचं मॅट पूर्ण उचलायचं, पुढच्या चाकांच्या वरचा भाग, पाय ठेवतो तिथले कोपरे, सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या पाट्या (स्प्रिंग) जिथं बॉडीला जोडतात त्या शॅकलजवळची जागा आणि छताच्या कडेची पन्हाळ, एवढ्या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायचं. चुंबक पण जवळ ठेवा, जिथं धरत नाही तिथं आत पुट्टी भरलीय समजायचं. मी मुद्दाम जतकडची गाडी घेतली, तिकडं पाऊस कमी, हवा कोरडी, पत्रा टिकतो. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्या दिसायला छान आणि स्वस्तात मिळतात पण खारी हवा खालून पत्रा खाते, मी तरी ते धाडस करणार नाही.

माझ्या गाडीला दोन्ही बाजूचे सिल (दाराखालचा पत्र्याचा भाग) आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर बदलावा लागला. इथं टिंकरिंगवाला, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, कोण मिळतो यावर सगळं आहे. काही जण कुजलेल्यावरच नवीन पत्रा ठेवून चार टाके मारतात नी वरनं पुट्टी ओढतात, दोन पावसाळ्यात फुगून येतं. मला जे मिस्त्री मिळाले त्यांनी गंज लागलेलं सगळं कापून काढलं, चांगल्या पत्र्याची कडा लागेपर्यंत, मग हातानं पत्रा वाकवून सीओटू वेल्डिंगनं जोडला, इंजिन पुढच्या सीटखाली असतं, ती जागा उघडीच आहे तर तेही उतरवूनच काम करू म्हणाले. आतल्या पोकळीत मेणाचा स्प्रे, खाली अंडरकोट, आणि पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवली, ही भोकं बुजवली की सगळी मेहनत वाया. वय साठीच्या पुढं, पण काम बघत उभं राहावं असं, अशा माणसाला मी पैशाची घासाघीस केली नाही. गाडीच्या किमतीपेक्षा पत्र्याच्या कामाला जास्त गेले आणि ते मला योग्यच वाटतं.

रंग मात्र साधाच मारला, मूळ पांढरा. त्यातले वाचलेले पैसे ब्रेकला घातले: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर, सगळे होज नवीन, पुढचे सीटबेल्ट नवीन, टायर पाचही नवीन. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलून टाका, आधीच्या मालकानं कधी बदललाय ते विचारत बसू नका. आणि पेट्रोलच्या नळ्या! आता पंपावर बहुतेक ई-२० च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातल्या इथेनॉलनं जुन्या काळचं रबर मऊ होऊन फुगतं, चिरा पडतात, आणि या गाडीत इंजिन आपल्या बुडाखाली आहे, तिथं पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. सगळ्या नळ्या ई-२० ला चालणाऱ्या घाला, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) बदला आणि कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, परत ट्यून करून घ्या, कारण ई-२० नं हे मिक्श्चर थोडं पातळ होतं.

चालवायला शहरात नाद खुळा आहे! टर्निंग रेडियस ४.१ मीटर, नाकच नसल्यामुळं पुढचा अंदाज बरोबर येतो, महाद्वार रोडच्या गर्दीत ही जिथं वळते तिथं आजच्या एसयूव्हीवाल्याला दोनदा मागं-पुढं करावं लागतं. दोन्हीकडं सरकती दारं, त्यामुळं अरुंद बोळात पण सामान काढता येतं, मागची सीट काढली की आख्खं घर हलवा. आईला गुडघ्याचा त्रास आहे, तिला ही गाडी चढायला-उतरायला सोपी पडते. मॅन्युअल स्टेअरिंग असून हलकं आहे. मायलेज मला गावात १३ च्या आसपास पडतं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. एप्रिल-मे मध्ये सीट खालनं तापते, इंजिनच्या झाकणाखाली उष्णता अडवणारं शीट लावल्यावर बराच फरक पडला पण पूर्ण जात नाही. हायवेला ७० च्या वर मी नेत नाही, पुणे-बेंगलोर रोडला शेजारनं कंटेनर गेला की वाऱ्यानं गाडी हलते, स्टेअरिंग दोन्ही हातात पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढं धडक बसली तर मध्ये काहीच नाही, आपले पायच पुढं आहेत. २०१९ ला ही गाडी बंद झाली ती नवीन सुरक्षा नियमांमुळंच. ज्याला रोज हायवेनं सांगली-कराड करायचंय त्यानं ही घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतोय, मारुतीची ईको व्हॅन बघा त्यापेक्षा. गावातल्या गावात, पन्नासच्या आत चालवणाऱ्याला मात्र एवढी कामाची गाडी या पैशात दुसरी दिसत नाही मला.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्रात दिल्लीसारखी १५ वर्षांची बंदी नाही, फिटनेस पास झाली की ५ वर्षांसाठी आरसी रिन्यू होते, वर ग्रीन टॅक्स. पण २० वर्षांपुढच्या चारचाकीची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, ते बजेटमध्ये धरा. १००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ अधिक जीएसटी असा बसतो, फुल विमा एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. आरसीची मुदत संपलेली गाडी असेल तर लेट फी महिन्यागणिक चढत असते, तेव्हा रिन्यू करून, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवून मगच ट्रान्सफर करायचं मालकाशी ठरवा, आणि चासी नंबर गाडीवर स्वतः डोळ्यांनी वाचून आरसीशी जुळवून बघा, कारण गंजानं तो नंबरच वाचता आला नाही तर पासिंगला गाडी अडते.