वाणसामानाची यादी: दुकानाचा स्वतःचा ब्रँड घ्यावा की नेहमीच्या कंपनीचा?

कोकणात महामार्गालगतच्या शहरांत मोठी सुपरमार्केट आल्यापासून महिन्याच्या यादीपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. एकाच फळीवर नेहमीच्या कंपनीचा रवा असतो आणि त्याला खेटून दुकानाच्या स्वतःच्या नावाचा रवा असतो. दोघांच्या किमतींत फरक असतो, पण तो कशामुळे आहे हे पाकिटाकडे नुसते पाहून समजत नाही. रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, डीमार्टचा ‘प्रीमिया’, बिगबास्केटचा ‘बीबी रॉयल’ ही याच प्रकारातील नावे. एरवी पाच-दहा रुपयांचा वाटणारा हा फरक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी करताना, किंवा चतुर्थीला चाकरमानी येणार म्हणून यादी दुप्पट होते तेव्हा, चांगलाच जाणवतो. त्यामुळे कोणत्या जिनसेत तो खिशात टाकावा आणि कोणत्या जिनसेत सोडून द्यावा, हे आधी ठरवलेले बरे.

नामांकित कंपनीच्या मालाच्या किमतीत जाहिरातीचा खर्च असतो, वितरकाचा आणि घाऊक व्यापाऱ्याचा वाटा असतो. सुपरमार्केट स्वतःचा माल एखाद्या कारखान्याकडून थेट भरून घेते आणि स्वतःच्याच फळीवर मांडते, म्हणून यातला बराच खर्च वाचतो. म्हणजे किंमत कमी आहे एवढ्यावरून माल हलका ठरत नाही. उलट, ‘दोन्ही एकाच कारखान्यात तर बनतात’ असे जे सर्रास सांगितले जाते, तेही पडताळल्याशिवाय मानू नये. पडताळणी अवघड नाही. पाकिटावर विक्री करणाऱ्या कंपनीचे नाव ठळक असते आणि उत्पादकाचे नाव, पत्ता व अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक बारीक अक्षरांत असतो. दोन पाकिटांवरचे उत्पादकाचे हे तपशील जुळले, तर कारखाना एक आहे. मात्र कारखाना एक असला तरी कृती निराळी असू शकते, म्हणून त्यानंतर घटकांची यादी वाचावी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ज्या कोकम सरबताच्या बाटलीवर साखर पहिली आणि कोकम दुसरे आहे, त्यात काय अधिक आहे ते तिथेच कळते.

किंमत ताडून पाहताना छापील कमाल किंमत बाजूला ठेवावी, कारण दुकानाच्या स्वतःच्या मालावर ती बऱ्यापैकी चढी छापून शेजारी मोठी सवलत दाखवलेली असते. प्रत्यक्ष द्यावे लागणारे पैसे आणि निव्वळ वजन या दोनच गोष्टींचा हिशेब करावा. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांत पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार पाकिटावर एककाची किंमतही छापावी लागते. ती एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅममागे आणि त्याहून मोठ्या पाकिटावर किलोमागे दिलेली असते, त्यामुळे लहान पाकिटावरचा आकडा हजाराने गुणल्याशिवाय दोघांची तुलना होत नाही. शिवाय हा आकडा छापील किमतीवरून काढलेला असतो. सवलतीनंतरचा भाव आपला आपणच काढावा लागतो.

तेलाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. लिटरच्या पाकिटासारखेच दिसणारे, पण त्याहून कमी वजनाचे पाकीट हाती आले आणि आपण ते लिटर समजून ताडून पाहिले, तर स्वस्त वाटणारे तेल महाग पडलेले असते. मिश्रित तेल असेल तर कोणते तेल किती टक्के आहे ते लेबलवर लिहिलेले असते. नाव शेंगदाण्याचे आणि मोठा भाग दुसऱ्याच तेलाचा, असे आढळल्यास ते पाकीट परत फळीवर ठेवावे, मग ते दुकानाच्या ब्रँडचे असो वा मोठ्या कंपनीचे.

आता जिनसांकडे वळू. मीठ आणि साखर या दोन गोष्टींसाठी नावाला पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. आयोडिनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडिन असावे, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. साखरेत फार तर दाण्याचा आकार लहान-मोठा असतो, चहात तो कळत नाही. रवा, मैदा, बेसन, साबुदाणा आणि पोहे यांतही दुकानाचा ब्रँड घ्यायला हरकत नाही. आमच्या घरी गेली काही वर्षे हेच चालू आहे आणि उपम्यात किंवा खिचडीत कोणाला फरक जाणवलेला नाही.

इथे कोकणातल्या हवेचा मात्र विचार करावा लागतो. स्वस्त मालाची पाकिटे पुष्कळदा पातळ आणि एकाच शिवणीची असतात. घाटावर ती चालून जातात, पण आपल्याकडे जूनच्या मध्यापासून भिंतींनासुद्धा ओल सुटते. एका पावसाळ्यात मी किलोमागे सहा रुपये वाचतात म्हणून पाच किलो पोहे दुकानाच्या ब्रँडचे आणले आणि तसेच पाकिटात ठेवले. नारळी पौर्णिमेच्या आत ते सादळले, आणि शेजारच्या रव्याला जाळी धरली ती निराळीच. तेव्हापासून असा माल मे महिन्यातच आणून, रवा कोरडा भाजून, पोह्यांना कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरते. एवढा खटाटोप ज्यांना शक्य नाही, त्यांनी पावसाळ्यात लहान पाकिटे घ्यावीत. किलोमागे दोन रुपये जास्त गेले तरी फेकण्याची पाळी येत नाही.

डाळी आणि तांदळाच्या बाबतीत सामना दोघांत नसून तिघांत आहे, कारण गावच्या वाण्याकडची सुटी गोणी अजून शाबूत आहे. १८ जुलै २०२२ पर्यंत केवळ नोंदणीकृत ब्रँडच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून २५ किलोपर्यंतच्या कोणत्याही लेबल लावलेल्या वेष्टित डाळ-तांदळावर तो लागू झाला, मग नाव कंपनीचे असो की दुकानाचे. गोणीतून तोलून दिलेल्या सुट्या डाळीवर हा कर नाही. म्हणून सुपरमार्केटची तूरडाळ कंपनीच्या डाळीपेक्षा स्वस्त दिसली, तरी वाण्याचा भाव विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. सुट्या डाळीत खडे निवडावे लागतात आणि ती किती जुनी आहे हे वाण्याच्या शब्दावरच ठरते, हे तिचे उणेपण आहे. पाकिटावर भरल्याची तारीख असते. ज्या घरात निवडायला वेळ नाही, तिथे दुकानाच्या ब्रँडची बिनपॉलिशची डाळ हा मला मधला चांगला मार्ग वाटतो. तांदळात मात्र मी सुपरमार्केटकडे वळतच नाही. सिंधुदुर्गात पेजेला लागणारा उकडा तांदूळ गावच्या गिरणीतून ओळखीच्या शेतकऱ्याचा मिळतो, तसा पाकिटात क्वचितच सापडतो.

जिथे माल एकजिनसी नसून मिश्रण असतो, तिथे दुकानाचा ब्रँड जपून घ्यावा. चहा हे याचे ठळक उदाहरण आहे. मोठ्या कंपन्या वेगवेगळ्या मळ्यांची पत्ती चाखून अशी मिसळतात की चव बारा महिने सारखी राहावी, आणि जास्त किंमत मुख्यतः या सातत्याची असते. दुकानाच्या ब्रँडचा चहा एका खेपेला उत्तम निघतो, पुढच्या खेपेला तितका रंग येत नाही म्हणून चमचाभर जास्त पत्ती घालावी लागते. किलोमागचा भाव पाहून केलेली बचत त्या जादा चमच्यांत निघून जाते. ज्यांना चहात मुख्यतः आले-गवतीचहाचीच चव हवी असते, त्यांना हा फरक कदाचित जाणवणारही नाही, त्यांनी जरूर स्वस्त चहा घ्यावा. केचप आणि जॅम यांत परिस्थिती बरी आहे. जॅममध्ये साधारणपणे किमान ४५ टक्के फळ असावे लागते, त्यामुळे तळाची पातळी नियमानेच राखलेली आहे. बिस्किटांत वजनाकडे पाहावे, कारण दहा रुपयांचा पुडा दहाचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होतात.

तुपाविषयी एकच सांगते. चतुर्थीच्या सुमारास खाण्याच्या तुपाच्या फळीवरच ‘पूजेचे तूप’ अत्यंत स्वस्तात मांडलेले असते. ते दिव्यासाठी असते, खाण्यासाठी नाही, आणि तसे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. गर्दीत घाईने सामान भरताना ते मोदकांवर घालायचे तूप म्हणून टोपलीत पडू नये.

मोदकांचे पीठ हा तर आमच्याकडचा सर्वांत नाजूक विषय. दुकानाच्या ब्रँडचे साधे तांदळाचे पीठ घावन, आंबोळी आणि भाकरीला उत्तम होते, पण त्याची उकड मळताना चिरा पडतात आणि पाकळ्या मोडतात, असा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे. खास मोदकांसाठी म्हणून मिळणारे नामांकित कंपनीचे पीठ महाग असले तरी वास असलेल्या तांदळाचे आणि बारीक दळलेले असते. चतुर्थीला एकवीस मोदकांचे ताट ठेवायचे आहे आणि तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळून आणायला सवड नाही, अशा वेळी तेवढे एक पाकीट मी बिनदिक्कत महागाचे घेते.

मालवणी मसाला, आमसुले, कोकम आगळ आणि काजू यांत सुपरमार्केटचे दोन्ही ब्रँड आपल्या मातीत मागे पडतात. मसाला उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून आणलेला किंवा ओळखीच्या बचत गटाकडचा घ्यावा, म्हणजे मिरची कोणती आणि मीठ किती ते विचारता येते. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, ती वस्तू चार गावे ओलांडून पाकिटात विकत घेण्यात अर्थ नाही. तरी काजूची पाकिटे ताडायचीच असतील, तर प्रत पाहावी. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर आणि डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा वाढला की गर लहान होतो. शिऱ्याला किंवा उसळीला तुकडा काजू पुरतो आणि तो बराच स्वस्त पडतो.

प्रवासाचा खर्चही याच हिशेबात धरायला हवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तरी समजा, तीन हजारांच्या सामानात दुकानाचे ब्रँड निवडून अडीचशे रुपये वाचले आणि जाण्यायेण्यात नव्वद गेले, तर हाती एकशे साठच राहतात. शिवाय महिन्याअखेरीस वहीवर सामान देणारा वाणी सुपरमार्केटमध्ये नसतो. म्हणून आम्ही तिकडे दोन महिन्यांतून एकदाच जातो आणि मीठ, साखर, रवा, बेसन, साबणासारखे टिकणारे सामान तेवढे भरतो. नवी जिन्नस असेल तर आधी सर्वांत लहान पाकीट आणून दोन आठवडे वापरतो, आणि हे वापरून पाहणे एप्रिलमध्येच उरकतो, म्हणजे मे महिन्यात आगोटीची यादी लिहिताना त्या जिनसेपुढे कोणते नाव घालायचे ते ठरलेले असते.