सरोवरकाठच्या खांबघरांची प्रतिकृती: नाशिकमधील एका कार्यशाळेचे काम

शाळेच्या इतिहास कक्षासाठी आल्प्स परिसरातील प्रागैतिहासिक खांबघरांची, म्हणजे लाकडी खांबांवर उभारलेल्या घरांची, प्रतिकृती आम्ही नाशिकमधल्या एका कार्यशाळेकडून करून घेतली. तीन फूट लांबीच्या पाटावर पाच घरे, किंमत 8,500 रुपये. काम ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा हाती आले, तरीही ते घेण्याजोगे आहे असे मी म्हणेन, ते मुख्यतः भिंतींमुळे.

कारागीर त्र्यंबकेश्वरकडचे असल्याने कुडाची भिंत त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. कारवीच्या बारीक चिरलेल्या काड्या विणून त्यांवर त्यांनी शेणमातीचे लिंपण केले आहे आणि एका घराचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला आहे, त्यामुळे आतली वीण मुलांना बोट लावून पाहता येते. सरोवरकाठचे ते लोकही फांद्या विणून आणि मातीने लिंपूनच भिंती उभारत असत. रंगवलेल्या पुठ्ठ्यातून हे साम्य कधीच कळले नसते.

चूक होती ती पाण्यात. घरांखाली निळे पाणी कायमचे चिकटवून टाकलेले होते. 1853-54 च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी खूप ओसरले आणि ओबरमायलेन येथे खांबांच्या रांगा उघड्या पडल्या, तेव्हा स्विस पुरातत्त्वज्ञ फर्डिनांड केलर यांनी पाण्यावरच्या मंचावर वसलेल्या गावाची कल्पना मांडली. तेच चित्र पुढे रूढ झाले. नंतरच्या संशोधनातून मात्र दिसले, की पुष्कळ वस्त्या काठावरच्या दलदलीत किंवा अधूनमधून पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर होत्या. हे समजावून सांगितल्यावर कार्यशाळेने आठवडाभरात पाण्याच्या जागी काढता-घालता येणारा ॲक्रिलिकचा पत्रा बसवून दिला. आता पत्रा काढला की हिवाळ्यातला गाळ दिसतो आणि घातला की बर्फ वितळल्यानंतरचे चढलेले पाणी. दुतोंड्या मारुतीवरून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या गावातल्या मुलांना यापुढे फारसे काही समजवावे लागले नाही.

सोबतच्या फलकावर या वस्त्या केवळ स्वित्झर्लंडमधल्या असल्याचे लिहिले होते. वास्तविक 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेली 111 स्थळे सहा देशांत पसरलेली असून त्यांचा काळ साधारण इ.स.पू. 5000 ते 500 असा आहे. हा फलक त्यांनी विनामूल्य बदलून दिला.

एक उणीव राहिली आहे. पाण्याखालच्या गाळात प्राणवायू पोहोचत नसल्याने ते खांब कुजले नाहीत, आणि त्यांच्या वाढवलयांवरून, म्हणजे खोडात वर्षागणिक पडणाऱ्या कड्यांवरून, झाड कोणत्या वर्षी तोडले हे अनेकदा सांगता येते. ही वलये दाखवणारा एखादा आडवा कापलेला खांब पाटावर हवा होता. तो स्वतंत्रपणे करून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. लिंपणाचा टवका उडाल्यास डागडुजी करता यावी म्हणून त्यांनी सोबत मातीची पुडी दिली होती, आणि पहिल्याच आठवड्यात ती उपयोगी पडली.