आबांना पटवायचं, की नुसतं गाडीत बसवायचं?

पावसाळ्यात कपाशी निंदताना कुणाला साप चावला की यावल-चोपड्यापासून धडगावपर्यंत अनेक घरांत अजून दोन नावं एकदम निघतात: दवाखाना आणि भगत. शिकलेला मुलगा पहिलं नाव घेतो, आबा दुसरं. हा वाद पाऊस पडायच्या आधीच मिटवून ठेवायचा विचार असेल, तर समोर तीन वाटा आहेत. त्या एका तोलाच्या नाहीत.

पुरावे मांडणं ही शिकलेल्यांची लाडकी वाट. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे. हा आकडा आबांना सांगून पाहा, ते पान लावत बसतील. त्यांच्याकडे त्यांचा पुरावा आहे: भगतानं उठवलेली माणसं. आणि ते खोटं बोलत नाहीत, खरी अडचण ती आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी, पण तेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. धामण चावलेला माणूस मंत्राशिवायही उठलाच असता. आबांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं न पाडता त्याचं कारण सांगता आलं, तरच ही वाट कामाची. पुरावे दिले की माणूस उलटा हट्टाला पेटतो, असं २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे पसरलं होतं. पुढे ५२ विषयांवर तपासलं तेव्हा तसं क्वचितच दिसलं. म्हणजे माहितीनं सहसा नुकसान होत नाही. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला, आईबापांवरचा लसीबद्दलचा प्रयोग लक्षात ठेवा. लसीनं ऑटिझम होत नाही हे पुष्कळांच्या गळी उतरलं, तरी ज्यांचा विरोध आधीच जास्त होता त्यांची लस देण्याची तयारी आणखी घटली.

दुसरी वाट ऐकून घेण्याची. मायामीत दारोदार फिरून, ट्रान्सजेंडर लोकांविषयीच्या पूर्वग्रहावर साधारण दहा मिनिटं शांतपणे बोलल्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकलेला दिसला. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० च्या अभ्यासात कळलं की समोरच्याला दोष न देता एकमेकांचे अनुभव सांगणं हा भाग काढला, तर नुसत्या युक्तिवादानं काही होत नाही. आपल्या घरात याचं रूप म्हणजे ओट्यावर बसून विचारायचं, “आबा, भगताकडे नेऊनही कुणी दगावलं का हो कधी?” आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणंच जमत नाही आपल्याला. शिवाय विचारतो कोण, यावर फार आहे. मुलानं विचारलं तर “तुले काय समजस?” असं उत्तर येईल. नातीनं विचारलं तर कदाचित गोष्ट ऐकायला मिळेल.

तिसरी वाट आपल्या माणसाची. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला, याचा १९४३ मधला अभ्यास सांगतो की बियाण्याची खबर विक्रेत्यानं आणली, पण पेरायला तयार केलं शेजाऱ्यानं. इथे तो शेजारी म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन घेऊन वाचलेला, आबांच्याच वयाचा माणूस. त्याहून भारी म्हणजे स्वतः भगत. “आधी सुई घे, मंग मी पाहतो” एवढं त्यानं म्हटलं की तुमचे सगळे आकडे फिके.

निवड कशी करायची? आधी स्वतःला विचारा, आबांची श्रद्धा बदलायची आहे की त्यांची कृती. सर्पदंशात कृती पुरते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही, आणि काही तासांत पापण्या जड होऊन श्वास अडतो. तिथे श्रद्धेवर चर्चा करायला वेळ कुठला? मंत्र गाडीत म्हणू द्या, गाडी दवाखान्याकडे जाऊ द्या. म्हणून माझं मत तिसऱ्या वाटेला, सोबत पहिलीतलं ते बिनविषारी सापांचं कारण. दुसरी वाट सवडीनं, नातं धड असेल तर.

भगत अडवूनच बसला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडे करणं हा त्याखाली गुन्हा आहे. बापावर मात्र तो उगारू नका.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यात बाईला डाकीण ठरवलं जात असेल, तर हा सगळा हिशोब बदलतो. “मनात काय ते असू द्या, फक्त हात लावू नका” ही तडजोड तिला पुरत नाही. तिला त्याच माणसांत राहायचं आहे. तिथे आधी पोलीस आणि कायदा, मग वर्षानुवर्षं ऐकणं, बोलणं.

सापासाठी मात्र मृगाच्या आत एवढं करून ठेवा: जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ते इंजेक्शन आहे याची चौकशी, रात्री गाडी काढणारा एक माणूस, आणि भगताच्याही फोनमध्ये १०८.