ड्रॉपझोन की रेस्क्यू ऑन फ्रॅक्टलस?

जुन्या अटारीचा (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) एम्युलेटर, म्हणजे त्याचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम, टाकलाय, माणसं वाचवायचा एकच खेळ हवाय, यातला कुठला घेऊ, असं एकाने विचारलं.

शिकायला सोपा ड्रॉपझोन. आर्चर मॅक्लीनचा 1984 चा हा खेळ गुरूच्या आयो या चंद्रावर घडतो. पाठीवर जेटपॅक, बाजूने सरकणारा पडदा. शास्त्रज्ञ उचलायचा, तळावर सोडायचा. जॉयस्टिकखेरीज बॉम्ब आणि अदृश्य होण्याची कळ, बस्स. फ्रॅक्टलसमध्ये उतरणं, यंत्रणा बंद करणं, दार उघडणं, सगळ्याला वेगळी कळ. आधी माहितीपुस्तिका वाचा.

सुटकेचा थरार मात्र फ्रॅक्टलसचाच. लुकासफिल्म गेम्सच्या या खेळात नागरिक नाहीत, कोसळलेले वैमानिक आहेत. यान उतरवून यंत्रणा बंद केली की वैमानिक धावत येतो, दारावर ठकठक होते. पुढच्या पातळ्यांवर तोच एकदम काचेवर आदळतो, कारण वैमानिकाच्या वेषात परग्रहवासी! झटकन यंत्रणा चालू केली नाहीत तर संपलात. ड्रॉपझोनमधले शास्त्रज्ञ त्यापुढे निव्वळ सामान वाटतात.

वेगात उलटं. ड्रॉपझोन लोण्यासारखा पळतो. फ्रॅक्टलसचे डोंगर जागच्या जागी गणिताने काढले जातात, म्हणून दृश्य अडखळतं. कमोडोर 64 या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकावर जास्तच, कारण त्याचा प्रोसेसर साधारण 1 मेगाहर्ट्झचा, अटारीचा 1.79 चा. तेव्हा फ्रॅक्टलस अटारीवरच खेळा.

जेवणाआधी दहा मिनिटं हात साफ करायचा असेल, स्कोअरची खुमखुमी असेल तर ड्रॉपझोन. रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून बसणार असाल तर फ्रॅक्टलस.