साधी क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरचं औषध) १% क्रीम, गजकर्णासाठी ४/५
पावसाळ्यात ओल्या जीन्सवर लोकलचा प्रवास करून करून जांघेत गजकर्ण झालं, मेडिकलवाल्याने कुठलीतरी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब दिली, दोन दिवसात खाज गायब म्हणून मी खूश, बंद केली आणि दुप्पट पसरलं राव! स्किनवाल्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरातलं क्लोबेटासोल दाखवलं, म्हणजे स्टेरॉईड, त्याने खाज दबते पण बुरशी पसरतच राहते. मग ही साधी क्रीम दिली. दिवसातून २ वेळा, जागा नीट कोरडी करून, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंमीपर्यंत पातळ थर, आणि लावून झालं की हात धुवायचे. सुरुवातीला जरा चुरचुरली. आठवड्यात डाग फिका पडला तरी सांगितल्याप्रमाणे पूर्ण ४ आठवडे लावली. वास नाही, पण ट्यूब फारच छोटी. टॉवेल मात्र वेगळा ठेवा, आमच्याकडे भावालाही झालं.